दातांची डागडुजी
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाच्या चिटणिसांनी या मेळाव्यात चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा विषय कोणता निवडावा हा प्रश्न आम्हांस पडलाच नाही. गेली चाळीसांहून अधिक वर्षे या धाराशिव शहरी, म्हणजे पूर्वीच्या उस्मानाबादेस, आम्ही लोकांच्या तोंडात डोकावण्याखेरीज दुसरे काही केलेले नाही. आपला पिढीजात धंदा सोनाराचा. तीर्थरूप आप्पांनी कळंबच्या बाजारात उभे आयुष्य शेगडीपुढे काढले. मुलाने हातोडी-चिमटा टाकून दाताच्या वैद्यकीचा मार्ग धरला, याचे त्यांना प्रथम वाईट वाटले होते. पुढे एकदा ते दवाखान्यात येऊन बसले, तासभर आमचे काम न्याहाळले आणि म्हणाले, "अरे, तू धंदा सोडलास कुठे? बारीक भोक, बारीक हत्यार, आणि भरलेले कळू नये एवढीच कारागिरी!" आजचे भाषण हे त्यांच्या त्या एका वाक्यावरील भाष्य आहे असे समजावे. किडलेला दात त्याच्याच रंगाच्या द्रव्याने कसा भरतात, त्यात खरा लाभ कोणता, आणि आपल्या घरांत तो लाभ अजून का पोचत नाही, एवढेच आम्ही सांगणार आहोत.

प्रारंभी घरची एक गोष्ट सांगतो. १९६४ साली आमची आक्का तेरा वर्षांची होती. तिच्या वरच्या पुढल्या दाताच्या कडेला ज्वारीच्या दाण्याएवढा काळा डाग पडला. दुखत काही नव्हते, म्हणून वर्षभर कोणी लक्ष दिले नाही. पुढे थंड पाणी लागू लागले, मग रात्रीची ठणक सुरू झाली, आणि अखेर बाजारच्या दिवशी बसणाऱ्या एका दात काढणाऱ्याकडे नेऊन तो दात उपटण्यात आला. दुखणे थांबले. घरच्यांच्या मते प्रकरण मिटले. परंतु त्या दिवसापासून आक्का हसताना पदर तोंडाशी नेऊ लागली. १९७० साली तिचे लग्न झाले. त्या प्रसंगीचे छायाचित्र आमच्या घरी आहे. त्यात मांडवातील सर्व मंडळी हसत आहेत आणि नवरी तेवढी ओठ घट्ट मिटून बसली आहे. लोक म्हणत, पोर मोठी गंभीर आहे. ती गंभीर नव्हती, हे आम्हां भावंडांना ठाऊक होते.

आता पाहा, ज्या द्रव्याने तो दात वाचला असता त्या द्रव्याचा शोध तेव्हा लागून चुकला होता. शोध आणि खेडे यांच्यामधील अंतर मात्र फार मोठे होते. ते अंतर पुष्कळसे तुटले आहे, तरी पूर्ण तुटलेले नाही. आणि जे उरले आहे ते रस्त्याचे नसून समजुतीचे आहे, असा आमचा अनुभव आहे.

समजुतीचेच पाहू. आपल्या भाषेत दाताला "कीड लागते". या शब्दाने पिढ्यान्‌पिढ्यांचा घोटाळा केला आहे. दातात खरोखरच अळी असते अशा कल्पनेने रिंगणीच्या बियांची धुरी घेतली जाई. जत्रेत कोणी वैदू कानाशी वा गालाशी नळी धरून पांढऱ्या अळ्या काढून दाखवी. आमच्या आजीने आम्हांला अशा एका माणसापुढे बसवले होते. अळ्या पुष्कळ निघाल्या, दाढ मात्र दुखतच राहिली! दातात अळी नसते. १८९० साली मिलर या शास्त्रज्ञाने आपला सिद्धान्त ग्रंथरूपाने मांडला, तो असा की, तोंडातील सूक्ष्म जंतू आपण खाल्लेल्या साखरेवर व पिठूळ पदार्थांवर जगतात, त्यांपासून आम्ल तयार करतात, आणि त्या आम्लाने दात विरघळतो. पुढील संशोधनाने त्यात भर पडली, पण पाया तोच राहिला. सोने तेजाबात टाकले की हीण विरघळते हे आपण जाणतोच. येथे सोन्यासारखा दातच विरघळतो.

दाताचे बाहेरील कवच, ज्यास दंतवल्क म्हणतात, ते शरीरातील सर्वांत कठीण द्रव्य आहे. वजनाने त्याचा सुमारे ९६ टक्के भाग खनिजाचा असतो. त्याच्या आत दंतिन हा तुलनेने मऊ थर, आणि गाभ्यात शिरा व रक्तवाहिन्यांनी भरलेली दंतमज्जा. कीड प्रथम कवचावर खडूसारखा पांढरा ठिपका उमटवते. या अवस्थेत लाळ व फ्लोराइड यांच्या साहाय्याने दात स्वतःच सावरू शकतो, भरण्याची गरजही लागत नाही. कवच फुटून खड्डा पडला म्हणजे भरणे आवश्यक होते. कीड मज्जेस पोचली, रात्री आपोआप ठणक लागू लागली, म्हणजे साध्या भरणाची वेळ गेली. मग मुळाच्या नळ्या साफ करण्याचा मोठा उपचार, रूट कॅनाल, करावा लागतो किंवा दात काढावा लागतो. तात्पर्य, दुखू लागल्यावर वैद्याकडे जावे हा आपला नियम दातांच्या बाबतीत उलटा आहे. दात दुखत नाही तोवरच तो स्वस्तात वाचतो.

दात भरण्याची कला नवी नव्हे, आणि तिचा काही भाग तर आपल्याच धंद्यातला आहे. कुंदनकामात शुद्ध सोन्याचा पातळ पत्रा आचेवाचून नुसत्या दाबाने एकजीव होतो, हे आपल्यातील जुन्या कारागिरांना सांगावयास नको. पाश्चात्त्य दंतवैद्यांनी एकोणिसाव्या शतकात याच गुणाचा उपयोग करून दातातील खड्डे सोन्याच्या वर्खाने ठोकून भरले. ते भरण टिके फार, पण परवडे मूठभरांना. सर्वसामान्यांसाठी आली "चांदी". लोक चांदी म्हणतात ते खरे चांदी, कथील व तांबे यांच्या चुऱ्याचे पाऱ्याशी केलेले मिश्रण, आणि त्यात वजनाने सुमारे निम्मा पारा असतो. या भरणाची निंदा आम्ही करणार नाही. त्याने शंभराहून अधिक वर्षे कोट्यवधी दाढा वाचवल्या, ते बळकट असते, आणि जरा ओल्या तोंडातही नांदते. तोंडात ते आहे म्हणून घाबरून काढून घेण्याचेही कारण नाही. परंतु पाऱ्याच्या मुलाम्याची भट्टी ज्यांनी पाहिली त्यांना पाऱ्याची वाफ किती घातक हे ठाऊक आहे. पाऱ्याचा प्रसार रोखण्यासाठी २०१३ साली मिनामाता करार झाला, भारताने तो २०१८ साली मान्य केला, आणि दुधाचे दात, १५ वर्षांखालील मुले, तसेच गर्भवती व स्तनदा माता यांच्यासाठी असे भरण टाळावे असा निर्णय २०२२ साली करारातील राष्ट्रांनी घेतला.

चांदीचा खरा दोष मात्र निराळाच आहे. ती दाताला चिकटत नाही. ती अडकवावी लागते. खडा बसवताना जशी खोबण करावी लागते, तसा तोंडाशी अरुंद व आत रुंद असा खड्डा दातात कोरावा लागतो, आणि मिश्रणाला जाडी हवी म्हणून तो खोलही करावा लागतो. म्हणजे ज्वारीएवढ्या किडीसाठी हरभऱ्याएवढा निरोगी दात गमवावा लागे.

हा अडसर दूर करणारी कल्पना १९५५ साली अमेरिकेतील मायकेल ब्युनोकोर यांस सुचली. धातूवर रंग पक्का बसावा म्हणून कारखान्यांत आधी फॉस्फोरिक आम्लाने धातू धुतात, हे त्यांना माहीत होते. त्यांनी तेच आम्ल दाताच्या कवचावर अर्धा मिनिट लावून पाहिले. कवचावर डोळ्यांस न दिसणारी असंख्य सूक्ष्म छिद्रे पडली आणि त्यांत द्रवरूप राळ शिरून घट्ट धरून बसली. ज्ञातिबंधूंनो, हे आपल्याला नवे वाटू नये. डाख देण्यापूर्वी आपण दागिना आम्लात उजळतो, टाकणखार लावतो, कारण मळावर डाख धावत नाही. पुढे रफाएल बोवेन यांनी बारीक दळलेल्या सिलिकेची पूड एका नव्या कृत्रिम राळेत बांधून दातासारखे कठीण द्रव्य सिद्ध केले व त्याचे पेटंट १९६२ साली मिळवले. आज ज्यास काँपोझिट म्हणतात ते भरण या दोन शोधांच्या संयोगातून जन्मास आले. आक्काच्या दातावर डाग पडला त्याच्या दोन वर्षे आधीची ही गोष्ट.

आता दवाखान्यात प्रत्यक्ष काय होते ते थोडक्यात सांगतो, म्हणजे लहानथोरांची भीती जाईल. प्रथम रंग निवडतात, तोही शक्यतो दिवसाच्या उजेडात आणि दात ओला असताना. कारण वाळलेला दात असतो त्याहून पांढरा दिसतो. सोन्याचा रंगही आपण रात्रीच्या दिव्याखाली पारखत नाही, तसेच हे. मग किडलेला भाग तेवढाच काढतात. दात कोरडा करून आम्लाचा लेप काही सेकंद लावतात व धुऊन टाकतात. त्यावर चिकटद्रव्याचा पातळ हात देतात. नंतर भरण एकदम न कोंबता साधारण २ मिलिमीटर जाडीच्या थरांनी बसवतात आणि प्रत्येक थरावर निळ्या प्रकाशाचा दिवा धरतात. त्या प्रकाशाने मऊ लगदा काही सेकंदांत दगडासारखा होतो. थर पातळ ठेवण्याचे कारण असे की, प्रकाश खोलवर पोचत नाही, आणि द्रव्य घट्ट होताना किंचित आकसते. एकदम भरले तर कडेला फट पडते. शेवटी रंगीत कागद चावावयास देऊन उंचवटे घासतात आणि झिलई करतात.

या सर्व क्रियेचा शत्रू एकच, तो म्हणजे ओल. आम्ही हे पुस्तकात वाचले होते, पण शिकलो ते चुकून. व्यवसायाच्या पहिल्या वर्षांत एका शाळामास्तरांची दाढ आम्ही घाईने भरली. दवाखान्यात गर्दी होती, लाळ आवरत नव्हती, आणि आम्ही "चालेल" म्हणून पुढे गेलो. चौथ्या महिन्यात मास्तर परत आले आणि निघालेले भरण कागदाच्या पुडीत बांधून आमच्या टेबलावर ठेवले. एक शब्दही बोलले नाहीत. ती पुडी आम्ही पुष्कळ वर्षे खणात जपून ठेवली होती. तेव्हापासून दाताभोवती रबराचा पडदा बांधल्यावाचून वा निदान कापसाने दात पुरता कोरडा केल्यावाचून आम्ही पांढऱ्या भरणास हात घालीत नाही. म्हणून रुग्णांसही विनंती की, वैद्याने वेळ घेतला तर कंटाळू नये. या कामात वेळ हीच किंमत आहे.

येथे आम्ही आजच्या मुख्य मुद्द्यास येतो. पांढऱ्या भरणाविषयी आपल्या समाजात दोन मते आढळतात. वडीलधारी मंडळी म्हणतात, ही नटवेगिरी आहे. दात चावण्यासाठी असतात, मिरवण्यासाठी नव्हे. उलट उपवर मुलींचे आईबाप दाखवण्याच्या आदल्या आठवड्यात धावत येतात आणि समोरचा डाग तेवढा झाकून द्या म्हणतात. मागच्या दोन दाढा पोखरलेल्या असतात, त्यांचे नावही काढीत नाहीत. आमच्या मते दोन्ही पक्ष चुकतात, कारण दोघेही फक्त रंग पाहतात. रंग हा या भरणाचा शेवटचा गुण आहे. पहिला गुण हा की, ते चिकटते. आणि चिकटते म्हणून निरोगी दात कापावा लागत नाही. ज्वारीएवढ्या किडीला ज्वारीएवढाच खड्डा पुरतो. कमी कापलेला दात अधिक वर्षे टिकतो. हा लाभ ज्या दाढा कोणास दिसत नाहीत त्यांनाही तितकाच आहे. मात्र तो लवकर येणाऱ्यालाच मिळतो. खड्डा मोठा होऊ दिला तर याच भरणाची बाजू लंगडी पडते.

मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. हे भरण चिरंतन नव्हे. नीट बसवले व सांभाळले तर ते अनेक वर्षे चालते, परंतु त्याच्या कडेने पुन्हा कीड लागू शकते. म्हणून वर्षातून एकदा तपासणी हवी. चहा, तंबाखू व मिसरी यांनी ते डागाळते. हिरडीखाली, जेथे दात कोरडा करता येत नाही, तेथे ते टिकत नाही. अशा जागी, तसेच लहान मुलांच्या दुधाच्या दातांत, ग्लास आयोनोमर नावाचे दुसरे दातासारखे दिसणारे सिमेंट उपयोगी पडते. १९७० च्या सुमारास लंडनमधील सरकारी प्रयोगशाळेत विल्सन व केंट यांनी ते तयार केले. बळाला ते उणे, पण दाताशी रासायनिक रीतीने जुळते, थोडी ओल सोसते आणि फ्लोराइड सोडते. १९८०च्या दशकात आफ्रिकेतील टांझानियात असा प्रयोग झाला की, विजेचे यंत्र नसताना केवळ हातातील अवजारांनी मऊ कीड कोरून काढायची व हे सिमेंट भरायचे. तो यशस्वी ठरला, आणि २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेने आवश्यक औषधांच्या यादीत या सिमेंटाचा समावेश केला. ज्या खेड्यांत वीज कधी जाईल याचा भरवसा नाही, तेथील मुलांसाठी हा मार्ग आपल्या भूम-परंड्याकडेही उपयोगी पडण्याजोगा आहे.

परंतु भरण हे औषध नव्हे, डागडुजी आहे. छप्पर गळतच राहिले तर भिंत सारवून काय उपयोग? आपला जिल्हा उसाचा व साखर कारखान्यांचा. भूम तालुक्यातील कुंथलगिरीच्या खव्याची व पेढ्याची ख्याती दूरवर आहे. पेढा खाऊ नये असे सांगण्याची आमची छाती नाही! एवढेच सांगतो की, किती खाल्ले यापेक्षा किती वेळा खाल्ले याने दात अधिक बिघडतात. गोड खाल्ल्यावर सुमारे अर्धा तास तोंडात आम्लाचा अंमल चालतो, मग लाळ त्यास आवरते. जेवणाबरोबर दोन पेढे एकदम खाल्ले तर एकच हल्ला होतो. दिवसभर गोळ्या-बिस्किटे चघळणाऱ्या मुलाच्या दातांस उसंतच मिळत नाही. दिवसातून दोनदा, त्यांतून एकदा झोपण्यापूर्वी, फ्लोराइडयुक्त पेस्टने दात घासावेत. तीन वर्षांखालील मुलास तांदळाच्या दाण्याएवढी व तीन ते सहा वर्षांच्या मुलास वाटाण्याएवढी पेस्ट पुरे. मिसरी मात्र घरातून हद्दपार करावी. ती दंतमंजन नसून जाळलेली तंबाखू आहे. तिने हिरड्या खचतात आणि कर्करोगाचा धोका ओढवतो.

मातांना एक गोष्ट विशेष आग्रहाने सांगावयाची. मूल सहा वर्षांचे झाले की दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ गुपचूप उगवते. तिच्यासाठी कोणताही दात पडत नाही, म्हणून ती दुधाचीच असा समज होतो आणि "पडेल तेव्हा पडेल" म्हणून ती किडू दिली जाते. ती दाढ कायमची आहे. गेली की पुन्हा येत नाही. आमच्याकडे दहा-बारा वर्षांची जी मुले दाढ काढावयास येतात, त्यांची बहुतेक वेळा हीच दाढ असते. तिच्या माथ्यावरील खोल रेघा उगवल्याबरोबर याच जातीच्या राळेने बुजवता येतात. त्यास कोरणे लागत नाही आणि टोचणेही लागत नाही.

आता मंडळापुढे नम्र सूचना. एक, या वार्षिक मेळाव्यात विद्यार्थ्यांना बक्षिसे देतो त्याच दिवशी सहा ते पंधरा वर्षांच्या सर्व मुलामुलींचे दात तपासावेत; आम्ही व आमच्यासारखे ज्ञातीतील इतर दंतवैद्य ती सेवा विनामूल्य करू. दोन, ज्यांना खर्च झेपत नाही त्यांच्यासाठी शिष्यवृत्तीच्या निधीतून थोडी रक्कम राखावी, आणि त्यांना लातूर किंवा छत्रपती संभाजीनगर येथील दंत महाविद्यालयांच्या रुग्णालयांत पोचवण्याची व्यवस्था करावी. आपल्या तेरणा नदीच्या नावाचे दंत महाविद्यालय नवी मुंबईत नेरूळला आहे. नदीचे नाव इतके दूर जाऊ शकते, तर नदीकाठच्या लेकरांनी लातूरपर्यंत जाण्यास काय हरकत? तीन, आणि हे बोलताना आम्हांस संकोच होतो, मुलीचे दात लग्न ठरवण्यासाठी भरू नका. ते तिचे आहेत म्हणून भरा. मुलग्याच्या दाढेस तुम्ही लगेच आणता आणि मुलीला "पुढच्या सुटीत" म्हणता, हे आमच्या नोंदवहीत वर्षानुवर्षे दिसत आले आहे.

तेरच्या संग्रहालयात एक हस्तिदंती बाहुली आहे. तेर म्हणजे प्राचीन तगर. पॉम्पेई येथे सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी तिचे साम्य असल्याने विद्वान तिचे कौतुक करतात. आम्ही ती पाहतो ती दंतवैद्याच्या नजरेने. हस्तिदंत म्हणजे बहुतांशी दंतिनच, तुमच्याआमच्या दातांत आहे तेच द्रव्य. सुमारे दोन हजार वर्षे मातीत राहून ते टिकले. मातीत जे टिकते ते आपल्या तोंडात दोन वर्षांत पोखरले जाते, याचा दोष द्रव्याकडे नाही.

गेल्या दिवाळीत आक्का आपल्या चौदा वर्षांच्या नातीस घेऊन दवाखान्यात आली. मुलीच्या पुढल्या दाताच्या कडेला ज्वारीएवढा डाग होता, जवळजवळ त्याच जागी. चाळीस मिनिटे लागली. सुई टोचावी लागली नाही. काम झाल्यावर मुलीने आरसा मागितला, इकडून तिकडून पाहिले आणि "कुठला भरला?" असे विचारून मोठ्याने हसली. आक्का शेजारी बसली होती. तीही हसली, आणि सवयीने तिचा पदर तोंडाशी गेला. तिला कृत्रिम दात बसवून आता तीस वर्षे झाली आहेत. पण हात अजून विसरलेला नाही.

बंधुभगिनींनो, दाताचा खड्डा भरता येतो. साठ वर्षांची सवय भरून काढणारे द्रव्य अद्याप कोणी शोधलेले नाही. म्हणून एवढीच विनंती की, डाग ज्वारीएवढा असतानाच मुलांना घेऊन या.